क्रीम आणि मशरूमच्या सॉसमधलं पोर्क घरी करायचं तर: बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

आपल्या भागात डुकराचं मटण म्हटलं की दोन तऱ्हा डोळ्यांसमोर येतात. एक गोव्याकडची, म्हणजे कॅम्पातल्या आणि खानापूरच्या ख्रिश्चन घरांत नाताळला होणारं सोरपोतेल आणि विंदालू. दुसरी आपली नेहमीची, मटणासारखा झणझणीत रस्सा. दोन्हींत मसाला आणि व्हिनेगर इतकं असतं की मटण थोडं जून निघालं, चरबी जास्त लागली, तरी निभावून जातं.

क्रीमच्या सॉसमध्ये तसं निभावत नाही. हा पदार्थ युरोपातला. जर्मनीत, फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मांस, मशरूम आणि साय यांची जोडी घरोघरी चालते, आणि त्यात मिरी-मिठापलीकडे फारसं काही नसतं. त्यामुळे मटणाची खरी चव उघडी पडते. इंटरनेटवरच्या कृती 'पोर्क टेंडरलॉइन (पाठीची मऊ पट्टी) घ्या' म्हणून सुरू होतात, आणि आपल्याला दुकानात मिळतं ते चामडीसकट, हाडासकट, सगळ्या भागांचं मिसळून कापलेलं एक किलो. पहिल्यांदा करणारे बहुतेक जण इथेच अडतात. त्या कृतीतली दहा मिनिटांची वेळ खांद्याच्या तुकड्यांना लावली की मटण चामट राहतं आणि दोष क्रीमला दिला जातो.

म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे. हातात कुठला भाग आला आहे ते आधी ओळखा, शिजवायची रीत त्यावरून ठरवा. बाकीचं सोपं आहे.

१. मटण घेताना

बेळगावात पोर्क सगळ्या मटणाच्या दुकानांत मिळत नाही. कॅम्पाच्या बाजूला चौकशी करा. गोव्याशी नातं असलेलं एखादं कुटुंब ओळखीचं असेल तर त्यांनाच विचारा, कारण चांगलं मटण कोण आणतो आणि कुठल्या वारी ताजं येतं हे त्यांना नेमकं माहीत असतं. दुकानाची पाटी कन्नडमध्ये असेल तर 'हंदी मांस' असं लिहिलेलं दिसेल. दुकानात एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक लावलेला असायला हवा, तो बघायला संकोच करू नका.

विचारायचे प्रश्न तीनच. पहिला, डुक्कर फार्मवर पाळलेलं आहे का? गावात मोकाट फिरणाऱ्या डुकराचं मटण कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. दुसरा, जनावर कोवळं आहे का? खच्ची न केलेल्या मोठ्या नराच्या मटणाला गरम झाल्यावर एक उग्र वास सुटतो. विंदालूत तो थोडाफार दबतो, क्रीममध्ये उलट वर येतो. तिसरा, कधी कापलं?

डोळ्यांनी काय बघायचं: मांस गुलाबी, चरबी पांढरी आणि घट्ट. पिवळट, बोटाला चिकटणारी चरबी नको. मांसाच्या आत साबुदाण्याएवढ्या पांढरट, पाणीदार पुटकुळ्या दिसल्या तर ते मटण तिथेच ठेवून परत या. त्या पट्टकृमीच्या अळ्या असतात. नीट शिजवल्यावर त्या मरतात हे खरं, पण असं मटण घरी आणायचंच कशाला?

खानापूर, जांबोटीकडच्या लोकांसाठी एक वेगळी सूचना. कुणी रानडुकराचं मटण देऊ केलं तर घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, मारणाऱ्याला जसा तसा जवळ बाळगणाऱ्यालाही. शिवाय ते जनावर कुणी तपासलेलं नसतं.

आता भाग कुठला मागायचा. पाठीच्या कण्याला आतून लागून असलेली लांबट, मऊ पट्टी म्हणजे टेंडरलॉइन. एका जनावरात दोनच निघतात, म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. नाही मिळाली तर पाठीचं बिनहाडाचं मटण चालतं. तेही नसेल तर खांदा घ्या, पण चामडी काढून आणि एकसारखे मोठे तुकडे करून द्यायला सांगा. न सांगितल्यास रश्शाचे बारीक तुकडे हातात पडतात. पोटाकडचा, थरावर थर चरबी असलेला भाग या पदार्थाला नको. क्रीम आधीच जड असतं.

चोर्ला घाटातून येताना गोव्याहून गोठवलेलं पोर्क आणणारेही बरेच आहेत. ते रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून सोडवा. गरम पाण्यात बुडवून घाईने सोडवलं तर बाहेरून मऊ पडतं आणि आत बर्फच राहतो.

२. मशरूम: बाजारातली की रानातली

बटण मशरूम, २०० ग्रॅमची पाकिटं. टोपी घट्ट मिटलेली आणि पांढरी असावी. पाकिटाच्या आत पाणी साचलेलं असेल तर ते सोडून दुसरं उचला. धिंगरी (ऑयस्टर मशरूम) मिळाली तर निम्मी ती घाला, चव वाढते.

पावसाळ्यात खानापूरच्या बाजूने वारुळांवर उगवलेली अळंबी विकायला येते. ती मला फार आवडते, आणि म्हणूनच क्रीममध्ये घालू नका असं सांगते. तिला ओलं खोबरं, कांदा आणि थोडं तिखट हेच शोभतं. क्रीमने तिची मातीची चव झाकून जाते. आणि स्वतः रानात जाऊन, मोबाइलवरचे फोटो जुळवून अळंबी गोळा करण्याचा विचार तर पूर्ण सोडा. विषारी आणि खाण्याजोग्या जाती दिसायला सारख्या असू शकतात, आणि काही विषं शिजवूनही जात नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणाऱ्यांकडूनच घ्यावी, नाहीतर घेऊ नये.

३. सामान आणि भांडी (चार माणसांसाठी)

- पोर्क, बिनहाडाचं: ६०० ग्रॅम
- मशरूम: ४०० ग्रॅम (कमी वाटेल असं घेऊ नका, शिजल्यावर निम्म्याहून कमी होतात)
- कांदा: १ मध्यम, अगदी बारीक चिरून
- लसूण: ६ पाकळ्या
- फ्रेश क्रीम: २०० मिली
- लोणी ३० ग्रॅम आणि साधं तेल २ मोठे चमचे
- मैदा: १ चहाचा चमचा
- मिरी: १ चहाचा चमचा, ऐन वेळी भरड कुटलेली
- ओवा: दोन चिमटी
- मोहरीचा तयार सॉस: १ चहाचा चमचा (असेल तर)
- लिंबू: अर्धं
- अळणी (मटण शिजवलेलं पाणी) किंवा साधं पाणी: १ वाटी
- मीठ: सव्वा चहाचा चमचा मटणाला, बाकी चवीप्रमाणे

मूळ कृतींमध्ये थाइम नावाची पाला-वनस्पती असते. ती शोधत फिरू नका. थाइममध्ये आणि ओव्यात सुगंधाचा मुख्य घटक एकच आहे, थायमॉल. मात्र ओवा जास्त तीव्र असतो, म्हणून दोन चिमटींवर थांबा. गरम मसाला, हळद, आलं-लसणाची गोळी यातलं काही घालू नका. हात आपोआप डब्याकडे जातो, मला माहीत आहे, पण एकदा तरी त्याशिवाय करून बघा.

क्रीमबद्दल नीट वाचा, कारण सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. केकचं सामान मिळतं त्या दुकानात 'व्हिपिंग क्रीम' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा वनस्पती तेलाचं आणि गोड असतं. ते घातलं तर मटणाचं पक्वान्न होईल. तुम्हाला हवं ते दुधाचं, बिनसाखरेचं फ्रेश क्रीम, साधारण २५ टक्के स्निग्धांशाचं. अमूलचं कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. घरची साय वापरायची असेल तर म्हशीच्या दुधाची, ताजी, एक-दोन दिवसांचीच घ्या, थोडं दूध घालून मिक्सरला अगदी क्षणभर फिरवा. जास्त फिरवलीत तर लोणी निघेल. विरजण लावलेली साय मुळीच नको, ती फाटू शकते.

भांडं जाड बुडाचं आणि पसरट हवं. स्टीलचं जाड फ्राय पॅन उत्तम, बिडाचा खोलगट तवाही चांगला. नॉनस्टिकवर होतं, पण बुडाला जो तपकिरी थर चिकटायला हवा तो धरत नाही, आणि सॉसची अर्धी चव त्या थरात असते. खांद्याचं मटण असेल तर कुकर लागेल. एक चिमटा, एक लाकडी उलथणं. मांसात खुपसायचा थर्मामीटर ऑनलाइन मिळतो. पोर्क वरचेवर करणार असाल तर घ्याच, मनातली धास्ती जाते.

४. कापणं, मीठ लावणं, कोरडं करणं

टेंडरलॉइन किंवा पाठीचं मटण असेल तर धाग्यांना आडवं, दीड सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि तळहाताने हलकेच दाबा. खांद्याचे तुकडे ३ सेंटिमीटरचे ठेवा. लहान केले तर कुकरमध्ये त्यांचा भुगा होतो.

मीठ चोळून निदान अर्धा तास, शक्य असेल तर सकाळी लावून संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्ये उघडंच ठेवा. मीठ आत मुरतं आणि वरचा भाग सुकतो. धुवायची सवय असेल तर मीठ लावायच्या आधी पातेल्यात धुवा. नळाखाली धरलं की शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. शेवटी स्वच्छ फडक्याने किंवा कागदाने टिपून अगदी कोरडं करा. ओलं मटण पॅनमध्ये गेलं की आधी पाणी उकळतं, मटणाला रंग येत नाही.

कच्च्या मटणाचा पाट आणि सुरी लगेच साबणाने धुवा. त्याच पाटावर काकडी चिरायची नाही.

५. मटण भाजणं

पॅन चांगलं तापू द्या, तेल घाला, तेल लहरायला लागलं की मटण सोडा. एकमेकांत बोटभर अंतर हवं, म्हणजे दोन किंवा तीन घाण्यांत करावं लागेल. गर्दी केली की वाफ धरते. टाकल्यावर दोन मिनिटं हात लावू नका. खालून खरपूस झालं की तुकडा आपणहून सुटतो. चिकटून बसला असेल तर अजून वेळ आहे. लोणी या टप्प्यावर घालू नका, ते जळतं.

मऊ भाग असेल तर: एका बाजूला अडीच-तीन मिनिटं, उलटून तितकंच, आणि ताटात काढून झाकून ठेवा. परदेशी कृतींत आतून ६३ अंश सेल्सिअस आणि नंतर तीन मिनिटं विश्रांती असं लिहिलेलं असतं, म्हणजे मध्ये किंचित गुलाबी. तिथल्या तपासणीतून आलेल्या मटणाला ते ठीक. आपल्याकडे प्रत्येक दुकानाची खात्री देता येत नाही, म्हणून मी ७१ अंशांपर्यंत नेते. थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड चकती मधोमध कापा: गुलाबी रंग गेलेला हवा, रस स्वच्छ हवा. पण त्यापुढे 'अजून पाच मिनिटं असू दे' नको. या भागात चरबी नाही, जास्त शिजवलं की कोरडा पडतो आणि कितीही क्रीम ओतलं तरी सुधारत नाही.

खांदा असेल तर: भाजून झाल्यावर तुकडे कुकरमध्ये घाला, एक वाटी पाणी, दोन लसूण पाकळ्या, चार मिरी. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून १५ ते १८ मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या. या भागात चिवट धागे भरपूर असतात, ते सावकाश विरघळूनच मटण मऊ होतं, म्हणून इथे उलटा नियम: घाई करायची नाही. तुकडा दोन बोटांत दाबल्यावर सुटायला हवा. कुकरमधलं पाणी ओतून देऊ नका. तीच तुमची अळणी. वाटीत काढून ठेवा, वर तरंगणारी चरबी चमच्याने काढा.

गोव्याच्या कृतीवरून उघड्या पातेल्यात शिजवणार असाल तर वेळ थोडा वाढवा. बेळगाव सुमारे अडीच हजार फुटांवर आहे, पाणी इथे शंभर अंशांच्या दोनेक अंश आधीच उकळतं, म्हणजे मटणाला उष्णता थोडी कमी मिळते.

६. मशरूम

ओल्या फडक्याने पुसा, किंवा चाळणीत धरून झटकन धुवून टिपा. पाण्यात भिजत ठेवू नका. अर्ध्या सेंटिमीटरच्या जाड चकत्या करा. पातळ केल्या तर गायब होतात.

त्याच पॅनमध्ये, न धुता, अर्धं लोणी घाला आणि मोठ्या आचेवर मशरूम पसरा. मीठ नाही. सतत ढवळणंही नाही. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते सुटेल, पॅन भरून येईल, आणि नवीन माणूस इथे घाबरून क्रीम ओततो. थांबा. ते पाणी आटेपर्यंत, मग तडतड आवाज यायला लागेपर्यंत, मग कडा तपकिरी होईपर्यंत. ८ ते १० मिनिटं लागतात. पूर्ण पदार्थात माझ्या मते सगळ्यात मोलाचा वेळ हाच. पांढरट, उकडल्यासारख्या मशरूमवर क्रीम घातलं तर दवाखान्यातल्या सूपची चव येते. तपकिरी मशरूमवर घातलं तर सॉस स्वतःहून मटणाच्या रंगाचा होतो. रंग आला की चिमूटभर मीठ घालून मशरूम मटणाच्या ताटात काढा.

७. सॉस

आच मध्यम. उरलेलं लोणी, त्यात कांदा, तो पारदर्शक झाला की उरलेला लसूण आणि ओवा. कांदा रश्शासारखा लाल करायचा नाही. मैदा भुरभुरवून एक मिनिट परता, कच्चा वास गेला पाहिजे. आता अळणी किंवा पाणी ओता आणि उलथण्याने बुडाचा तपकिरी थर खरवडत राहा. तो विरघळला की पाण्याला रंग चढतो. घरात चालत असेल तर अळणीच्या आधी पाऊण वाटी कोरडी पांढरी वाइन घालून ती निम्मी आटवा. नसेल तर काही अडत नाही. हे सगळं अर्धं होईपर्यंत उकळू द्या.

मग गॅस अगदी बारीक. क्रीम फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेलं असावं. वाटीतल्या क्रीममध्ये दोन चमचे गरम सॉस मिसळा आणि मग ते मिश्रण पॅनमध्ये ओता. २५ टक्क्यांचं क्रीम खळखळून उकळलं की फाटण्याची शक्यता असते. मैद्यामुळे आधार मिळतो, पण परीक्षा घेऊ नका. कडेने बारीक बुडबुडे येत राहतील इतकीच आच. तीन-चार मिनिटांत सॉस चमच्याच्या पाठीवर टिकेल इतका दाट होतो. मोहरीचा सॉस आणि मिरी आता घाला.

लिंबू सगळ्यात शेवटी, गॅस बंद करून, चार-पाच थेंब. आधी पिळलंत तर आंबटपणाने क्रीम फाटेल. पण विसरूही नका, नाहीतर दोन घासांनंतर जड वाटायला लागतं.

सॉस फाटून दाणेदार झालाच तर पॅन लगेच खाली उतरवा, दोन चमचे थंड क्रीम घालून जोरात फेटा. बऱ्याचदा सावरतो.

८. एकत्र करणं

मटण, मशरूम आणि ताटात सुटलेला रस, सगळं सॉसमध्ये घाला. मऊ भागाच्या चकत्या एक-दीड मिनिटच, गरम होण्यापुरत्या. खांद्याचे तुकडे पाच मिनिटं मंद आचेवर राहिले तर उत्तम. मीठ आत्ता चाखा, आधी नको. लोणी खारं असेल तर बहुधा लागणारच नाही. वर बारीक चिरलेली कोथिंबीर घालायचा मोह आवरा, कांद्याची पात चांगली लागते.

सोबत साधा भात. आपला बेळगाव बासमती असेल तर मोकळा शिजवा, त्याच्या वासाशी हा सॉस छान जमतो. उकडलेले बटाटे लोण्यात परतून, किंवा पावही चालतो. ज्वारीची भाकरी मला प्रिय असली तरी या पदार्थासोबत नाही. तिला तिखट कालवण हवं. ताटात काहीतरी आंबट आणि कच्चं असू द्या, काकडी-कांदा व्हिनेगरमध्ये मुरवलेला पुरे.

९. घरातलं आणि शेजारचं

आपल्याकडे एकाच गल्लीत, कधी एकाच घरात, पोर्क खाणारे आणि त्याचं नावही न काढणारे दोघं असतात. सासूबाईंना, आजीला चालत नसेल तर आधी विचारा, भांडी वेगळी ठेवा, त्यांचं जेवण झाल्यावर करा. पाहुणे येणार असतील तर ताट वाढण्याआधी स्पष्ट सांगा. सॉसमध्ये झाकलेलं मटण चिकन समजून कुणी खाल्लं, तर त्या माणसाला होणारा त्रास नंतर भरून काढता येत नाही. शेजारी डबा पाठवताना त्यावर चिठ्ठी चिकटवा.

१०. उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, झाकून. दुसऱ्या दिवशीपर्यंत चांगलं राहतं, फार तर तिसऱ्या. गरम करताना दोन चमचे दूध घालून बारीक गॅसवर सारखं हलवत राहा, पण मटण आतपर्यंत कडकडीत गरम होऊ द्या. फ्रीझरमध्ये टाकू नका, सोडवल्यावर सॉस फाटतो. जास्त मटण आणलं असेल तर कच्चंच, एका वेळेपुरती पाकिटं करून, तारीख लिहून गोठवा. खांद्याचे तुकडे कुकरपर्यंत शिजवून अळणीसकट गोठवले तर आणखी बरं: रविवारी फक्त मशरूम आणि सॉस करायचा राहतो.